दाखल्यापुरती तपासणी

परदेशातून भारतात येणाऱ्या प्रत्येक उतारूने प्रवासास निघण्यापूर्वीच्या ७२ तासांच्या आत आरटी-पीसीआर तपासणी करून घ्यावी आणि तिचा निर्दोष अहवाल ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावर दाखल करावा, असा भारत सरकारचा हुकूम २०२१ च्या फेब्रुवारीतील २२ तारखेच्या मध्यरात्रीपासून अमलात आला. घरात कोणाचे निधन झाल्यामुळे तातडीने निघावे लागलेल्यांना काय ती सूट होती. साथीच्या दिवसांत राज्यकर्त्यांनी वेशीवर चौकी बसवावी हा जुनाच शिरस्ता असल्यामुळे त्या हुकुमाबद्दल कोणी तक्रार केली नाही, आणि करण्याचे कारणही नव्हते. परंतु त्याचा बोजा ज्यांच्यावर सर्वांत अधिक पडला तो वर्ग हुकूम काढणाऱ्यांच्या नजरेसमोर फारसा असेल असे मात्र वाटत नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांच्या ओढीने पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर येथून अमेरिकेत गेलेली, २०२० च्या मार्चमध्ये विमाने बंद पडल्यावर व्हिसाची मुदत वाढवून घेत तेथेच अडकून पडलेली आणि पेन्शनच्या रुपयांचा डॉलरांत हिशेब करता करता संकोचून गेलेली अशी ती वडीलधारी माणसे होती. प्रकृतीने ती ठणठणीत होती. त्यांना डॉक्टर नको होता, औषध नको होते. हवा होता तो केवळ एक कागद. आणि नेमका तो कागद मिळवण्याची वाट, अमेरिकेतील विमा ज्याच्यापाशी नाही अशा माणसाला, अतिशय अवघड करून ठेवलेली होती.

अवघड म्हणजे किती, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयांनी या एकाच तपासणीचे जे दर जाहीर केले होते त्यांची पाहणी ‘कैसर फॅमिली फाउंडेशन’ या संस्थेने २०२१ मध्ये केली, तेव्हा सर्वांत कमी दर २० डॉलर आणि सर्वांत अधिक दर १,४१९ डॉलर असा आढळला. नाकात घालायची काडी तीच, नळी तीच, यंत्रही बहुधा त्याच दोन-चार कारखान्यांतले. आणि किमतीत मात्र सत्तर पटींचा फरक. वृद्धांसाठी सरकारतर्फे चालणारी मेडिकेअर ही योजना त्याच वेळी त्याच तपासणीपोटी प्रयोगशाळांना ७५ डॉलर, आणि दोन दिवसांच्या आत निकाल दिल्यास वर २५ डॉलर, असे देत होती; म्हणजे शंभराच्या आतबाहेर ही तपासणी परवडते हे सरकारी दप्तरात नमूद होते. इकडे महाराष्ट्रात शासनाने २०२० च्या जूनमध्ये खासगी प्रयोगशाळांना २,२०० रुपयांची मर्यादा घातली, ती उतरत उतरत डिसेंबरात ७०० वर, २०२१ च्या मार्चअखेर ५०० वर आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात ३५० वर आली. मुंबईत एका साध्या जेवणाच्या खर्चात होणाऱ्या तपासणीसाठी न्यू जर्सीतल्या आजोबांना दोनशे डॉलर मोजावे लागतात हे ऐकून इथल्या नातेवाइकांना ती फसवणूक वाटे. ती फसवणूक नव्हती. निदान कायद्याच्या दृष्टीने नव्हती. त्या देशाचा वैद्यकीय व्यवहारच तसा आहे, आणि तो एकदा नीट समजून घेतला तर त्यातून स्वस्तात सुटण्याच्या वाटाही दिसू लागतात.

विमा हा मुळात अनिश्चिताचा सौदा आहे. आजारपण येईल की नाही हे कोणास ठाऊक नसते म्हणून विमा उतरवायचा. विमानात बसायचे तर तपासणी करावी लागणार हे मात्र तिकीट काढतानाच निश्चित असते. तेव्हा विमा कंपनीच्या दृष्टीने ती आपत्ती नव्हेच, तो प्रवासखर्च झाला. मुलांनी आईवडिलांसाठी घाईघाईने काढलेल्या पाहुण्यांच्या पॉलिसीत ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असे शब्द असत, आणि ताप नाही, खोकला नाही, अशा माणसाची केवळ प्रवासासाठी केलेली तपासणी त्या शब्दांत बसत नसे. अमेरिकेतील विमेदारांची स्थितीही याबाबतीत वाटते तितकी निर्वेध नव्हती. २०२० च्या मार्चमध्ये तेथील काँग्रेसने जे दोन कायदे संमत केले त्यांनी कोरोनाच्या तपासणीचा भार विमा कंपन्यांवर टाकला खरा, पण नोकरीवर रुजू होण्याच्या अटीपायी किंवा सर्वसाधारण देखरेखीसाठी केलेल्या तपासण्यांचे बंधन त्यांच्यावर ठेवले नव्हते. म्हणजे रोग शोधण्यासाठी केलेली तपासणी आणि दाखला मिळवण्यासाठी केलेली तपासणी या दोहोंत कायद्यानेच भेद केलेला होता. पहिलीत समाजाचे हित आहे म्हणून समाज पैसे देतो. दुसरीत प्रवाशाचे हित आहे म्हणून प्रवाशाने द्यावेत, असा तो न्याय. माझ्या मते या न्यायाची एक बाजू लंगडी आहे. कागद मागणारे सरकार एक, कागद देणारी प्रयोगशाळा दुसऱ्या देशातली, आणि पैसे भरणारा तिसराच. मागणाऱ्याला दराची चिंता नाही आणि देणाऱ्याला दराची मर्यादा नाही, अशा व्यवहारात तिसऱ्याचा खिसा सुरक्षित राहील अशी अपेक्षा कोणी करावी?

पूर्वी असे नव्हते. १९०३ साली अमेरिकेने स्थलांतरितांसंबंधी जो कायदा केला त्यात तिरस्करणीय अथवा सांसर्गिक रोगाने पछाडलेला, आणि निघण्याच्या बंदरातच ओळखता आला असता असा, उतारू घेऊन येणाऱ्या जहाज कंपनीला माणशी १०० डॉलर दंडाची तरतूद होती. परिणाम असा झाला की हॅम्बर्ग, ब्रेमेन अशा बंदरांत कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने डॉक्टर नेमले, आणि उतारूंचे डोळे, त्वचा, छाती तपासूनच त्यांना जहाजावर घेऊ लागल्या. तपासणीचा खर्च तिकिटाच्या पोटात गेला. एलिस बेटावर पुन्हा तपासणी होई ती मुख्यत्वे तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या सभ्य मंडळींना जहाजावरच वरवर पाहून सोडून देत, ही गोष्ट निराळी. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवल्यावर दुसऱ्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर, विशेषतः हाजच्या यात्रेकरूंवर, कडक निर्बंध आले. त्या यात्रेकरूंना तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर विलग्नवास भोगावा लागे. त्या व्यवस्थेत जुलूम पुष्कळ होता. परंतु प्रत्येक यात्रेकरूने आपापल्या हिकमतीने प्रयोगशाळा शोधावी, भाव विचारावा आणि घड्याळाकडे पाहत निकालाची वाट पाहावी, असा हा एकाकी जुलूम आपल्या काळाचाच.

आता त्या वाटांविषयी. २०२१ साली अमेरिकेत विमा नसलेल्या माणसाला सर्वांत स्वस्त, बहुतेक वेळा अगदी फुकट, तपासणी मिळे ती सरकारी केंद्रांवर. आणि याचे कारण वर सांगितलेल्या भेदातच आहे. साथ किती पसरली हे जाणून घेण्याची गरज तेव्हा सरकारलाच होती, म्हणून येणाऱ्याला ‘तुम्ही कशासाठी तपासता’ असे फार खोदून विचारण्यापेक्षा त्याची नळी भरून घेण्याकडे केंद्रांचा कल असे. संघराज्य सरकारच्या आरोग्य खात्याने विमा नसलेल्यांच्या तपासणीचे पैसे प्रयोगशाळांना परस्पर चुकते करण्यासाठी एक स्वतंत्र निधी ठेवला होता, आणि त्या निधीच्या नियमांत लाभार्थी नागरिक आहे की पाहुणा, या चौकशीला जागाच नव्हती. सोशल सिक्युरिटीचा क्रमांक किंवा वाहनपरवान्याचा क्रमांक विचारीत, परंतु तो नसल्यास ‘विचारला, मिळाला नाही’ एवढी नोंद करून प्रयोगशाळेला दावा लावता येत असे. ही बारीकशी तरतूद फार थोड्या पाहुण्यांना ठाऊक होती. अर्जातला विम्याचा रकाना कोरा ठेवायला माणसे भीत आणि भीतीपोटी मुलाच्या विम्याचा क्रमांक लिहून मोकळी होत. मग दावा फेटाळला जाई आणि बिल घरी येई. विमा नसेल तर ‘नाही’ असे स्पष्ट लिहिणे हेच त्या वेळी लाभाचे होते.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, जिथे एका रस्त्यावर गुजराती, तेलुगू आणि मराठी पाट्यांची दाटी आहे, किल्मर रोडवरच्या मोटारतपासणी नाक्यावर मिडलसेक्स परगण्याने २०२० च्या एप्रिलपासूनच असे एक केंद्र उघडले होते. रटगर्स विद्यापीठाने विकसित केलेली लाळेची तपासणी, जिला अमेरिकेत त्या प्रकारची पहिली मान्यता मिळाली, ती तेथे होत असे. गाडीतून उतरायचे नाही. काच खाली करायची, ओळखीचा कागद दाखवायचा, आणि हाती दिलेल्या चिंचोळ्या नळीत रेघेपर्यंत लाळ भरून द्यायची. ऐकायला सोपे वाटते. पण अर्धा तास आधीपासून काही खायचे-प्यायचे नाही अशी अट, बाहेर थंडी, तोंडाला कोरड, आणि चारचौघांत थुंकणे हे ज्यांना जन्मभर असभ्य म्हणून शिकवले त्या सत्तरीच्या बाईंनी मुलगा, सून आणि खिडकीबाहेर हातमोजे घालून उभा असलेला स्वयंसेवक यांच्या देखत नळी भरायची, म्हणजे रेघ काही केल्या गाठत नसे. फेसच फेस वर येई आणि फेस मोजत नाहीत असे सांगण्यात येई. लिंबाची नुसती आठवण काढा, असा सल्ला मागच्या सीटवरून दिला जाई, आणि तो बहुधा लागू पडे. एवढे करून पैसे काही पडत नसत. पडे तो काळ.

खरी किंमत काळाचीच होती. सार्वजनिक केंद्राचा निकाल कधी एका दिवसात येई, कधी तीन दिवसांतही येत नसे, आणि ७२ तासांचे घड्याळ नमुना दिल्या क्षणापासून चालू झालेले असे. फुकटची तपासणी म्हणून गेलेल्या कुटुंबाला उड्डाणाच्या आदल्या रात्रीपर्यंत निकाल मिळाला नाही तर मग विमानतळावरच्या तातडीच्या तपासणीची पाळी येई, आणि तिथे माणशी दोनशे डॉलरच्या वर मोजल्याशिवाय सुटका नसे. आपल्याकडेही हा धडा निराळ्या रूपाने मिळाला. दुबईला जाणाऱ्यांना उड्डाणापूर्वी सहा तासांच्या आतली जलद तपासणी विमानतळावरच करावी लागत असे, आणि मुंबईच्या विमानतळावर तिचा दर आधी ४,५०० व नंतर ३,९०० रुपये होता, तोही शहरात साधी तपासणी ५०० रुपयांच्या आत होत असताना. म्हणून जाणत्या माणसांनी तेव्हा जी युक्ती केली ती अशी, की उड्डाणाच्या ७० तास आधी एक नमुना फुकटच्या केंद्रावर द्यायचा आणि ४८ तास आधी दुसरा, औषधांच्या दुकानात किंवा वसाहतीच्या आरोग्यकेंद्रात, नोंदणी करून ठेवलेला. जो निकाल आधी हाती येईल तो चढवायचा. दोन्ही मिळून विमानतळापेक्षा स्वस्त पडत. तिकीट शक्यतो रविवार-सोमवारचे घ्यायचे नाही, कारण शनिवारी दिलेला नमुना पुष्कळ प्रयोगशाळा सोमवारपर्यंत हातात घेत नसत. सुटीच्या आठवड्यात तर बोलायलाच नको.

वसाहतीच्या आरोग्यकेंद्रांचा उल्लेख आला, तेव्हा त्यांच्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. कारण कोरोना गेला तरी ती आहेत, आणि आपल्या लोकांना ती फारशी माहीत नाहीत. १९६५ साली बॉस्टनमधील कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत जॅक गायगर आणि काउंट गिब्सन या दोन डॉक्टरांनी सुरू केलेल्या प्रयोगातून ही केंद्रे उगवली. संघराज्य सरकारचे अनुदान घेणाऱ्या अशा केंद्राने पैसे नाहीत या कारणासाठी कोणालाही परत पाठवता कामा नये, आणि दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना उत्पन्नाच्या मानाने उतरत्या दराचा तक्ता लावला पाहिजे, असा दंडक आहे. व्हिसा कोणता, हे २०२५ पर्यंत तेथे विचारत नसत. घराच्या अंगणात दोन मोटारी उभ्या असलेल्या मुलाला आपल्या आईला अशा ठिकाणी न्यायला संकोच वाटतो हे मी समजू शकतो. पण तक्ता उत्पन्न विचारतो तेव्हा खरे उत्तर दिले आणि लागू होणारा दर भरला, तर त्यात कोणाच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखे काही होत नाही.

स्वस्त तपासणी चुकीची निघाली तर ती सर्वांत महाग पडते. औषधांच्या मोठ्या दुकानांत फुकट आणि पंधरा मिनिटांत होणारी जी तपासणी होती ती पुष्कळ ठिकाणी अॅबट कंपनीच्या ‘आयडी नाऊ’ या यंत्रावर होत असे. ती विषाणूचे जनुकीय द्रव्यच शोधते हे खरे, तथापि ती आरटी-पीसीआर नव्हे; आणि भारत सरकारच्या हुकुमात शब्द आरटी-पीसीआर हाच होता. तपासणीचे शास्त्र काय म्हणते याच्याशी विमान कंपनीच्या खिडकीवरील कारकुनाला कर्तव्य नसते. कागदावर ती पाच इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत की नाहीत एवढेच तो पाहतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच करील. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी, किंवा फुकटच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीही, अहवालाचा एक नमुना दाखवा असे म्हणणे हा शहाणपणा होता. आणि नमुना पाहताना आणखी दोन गोष्टी बघायच्या. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे येतात. अमेरिकन अर्जात पहिले आणि शेवटचे यांनाच जागा, मधल्यासाठी फार तर एक अक्षर. दुसरे, अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी आणि दिवस नंतर. ५ ऑगस्ट १९५२ ला जन्मलेल्या गृहस्थाचा अहवाल ०८/०५/१९५२ असा छापून आला की मुंबईच्या विमानतळावर ते ८ मे ठरतात आणि पासपोर्टावरचा माणूस अहवालातल्या माणसापेक्षा तीन महिन्यांनी तरुण निघतो. पासपोर्टचा क्रमांक अहवालावर छापून घेणे हाच यावरचा उपाय होता. पुष्कळ प्रयोगशाळा सांगितल्यावर तो छापीत. न सांगता एकही छापीत नसे.

विमा नसलेल्यांच्या तपासणीचा तो निधी २०२२ च्या मार्चच्या २२ तारखेला आटला. त्यानंतरचे दावे स्वीकारले गेले नाहीत आणि अनेक केंद्रांनी एका रात्रीत दरपत्रके टांगली. सुदैवाने भारताने त्याआधीच, १४ फेब्रुवारीपासून, पुष्कळ देशांतून येणाऱ्यांच्या बाबतीत लसीकरणाचा दाखला चालवून घेण्यास सुरुवात केली होती, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘एअर सुविधा’चे बंधन उठले. पण दाखल्यासाठी तपासणी ही संस्था काही संपली नाही. तिची बाकीची शाखा-प्रशाखा पूर्वीपासून आहे तशीच आहे.

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याने तेथे राहत असलेल्या आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज केला, की सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घेऊन तिचा मोहोरबंद अहवाल द्यावा लागतो. या डॉक्टरांची फी सरकार ठरवत नाही, हे सरकारनेच जाहीर सांगितलेले आहे; सामान्यतः विमाही ती देत नाही. तेव्हा एकाच गावातल्या दोन डॉक्टरांत दुप्पट-तिप्पट फरक निघतो आणि चार ठिकाणी फोन करून विचारण्यात कमीपणा नाही. विचारताना मात्र नुसती ‘तपासणीची फी किती’ असे विचारू नये. रक्ततपासण्या त्यात धरल्या आहेत का, लसी धरल्या आहेत का, क्षयाच्या तपासणीत काही आढळल्यास छातीचा एक्स-रे धरला आहे का, असे बयाजवार विचारावे. कारण कमी फी सांगणारा डॉक्टर बाकीचे सर्व निराळे लावतो. लहानपणी बीसीजी टोचलेल्या भारतीयांची त्वचेवरील क्षयतपासणी विनाकारण दोषी येत असे, तो घोटाळा २०१८ च्या ऑक्टोबरपासून रक्ताची तपासणी सक्तीची झाल्यामुळे पुष्कळ कमी झाला. एचआयव्हीची तपासणी तर २०१० च्या जानेवारीपासूनच यादीतून गेली आहे. आणि गोवर, गालफुगी, जर्मन गोवर यांची एकत्रित लस १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना लागतच नाही, ही गोष्ट आपल्या आईवडिलांच्या पिढीच्या बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. उरलेल्या लसी परगण्याच्या आरोग्य खात्यात विमा नसलेल्या प्रौढांना पुष्कळदा नाममात्र दरात मिळतात. त्या आधी तेथे टोचून घ्याव्यात आणि नोंद घेऊन मगच त्या नेमलेल्या डॉक्टरकडे जावे.

रत्नागिरी, खेड, चिपळूण, महाड या भागातून आखातात जाणाऱ्यांचा प्रश्न याच्या उलट्या टोकाचा. सौदी अरेबिया, संयुक्त अमिराती, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहा देशांनी मिळून आखलेल्या पद्धतीत दर शोधत फिरण्यास वावच नाही. ऑनलाइन चिठ्ठी काढायची आणि मान्य केंद्रातच जायचे. शेरा एकच, ‘फिट’ किंवा ‘अनफिट’, आणि तो सहाही देशांच्या दप्तरी चढतो. येथे पैसा वाचवायचा तर तो केंद्रात जाण्याच्या आधीच वाचतो. ज्याला लहानपणी किंवा तरुणपणी क्षय होऊन बरा झाला आहे त्याच्या फुप्फुसावरचा जुना व्रण एक्स-रेत दिसतो, आणि रोग नसतानाही केवळ व्रणापायी अनफिटचा शेरा बसण्याचा संभव असतो. गावाकडच्या सरकारी रुग्णालयात अल्प दरात एक्स-रे आणि काविळीच्या विषाणूंची रक्ततपासणी आधी करून पाहिली, तर शेत गहाण टाकून एजंटाला रक्कम देण्यापूर्वी निदान कल्पना येते. एजंट हा सल्ला देत नाही. का देत नाही ते उघड आहे.

इंग्लंडला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची क्षयतपासणीही ठरलेल्या दवाखान्यांतच होते. तिची मुदत सहा महिने. तेथे पैशापेक्षा वेळ सांभाळावा, कारण एक्स-रेत शंका आली तर बेडक्यांची संवर्धनतपासणी करावी लागते आणि तिचा निकाल लागायला आठ आठवडे जातात. ज्याने प्रवेशाच्या शेवटच्या महिन्यात एक्स-रे काढला त्याचे ते सत्र गेलेच म्हणून समजावे. आफ्रिकेत जाणाऱ्यांच्या पिवळ्या तापाची गोष्ट मात्र सुखाची. लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते, सरकारी केंद्रात साधारण ३०० रुपये पडतात, आणि २०१६ च्या जुलैपासून एकदा घेतलेला दाखला जन्मभर चालतो. दहा वर्षांची मुदत छापलेले जुने पिवळे पुस्तक ज्यांच्यापाशी आहे त्यांनी पुन्हा टोचून घेण्याचे कारण नाही.

अमेरिकेकडे पुन्हा वळून एक कायदा सांगायचा राहिला. २०२२ च्या जानेवारीपासून तेथे असा नियम आहे की विमा नसलेल्या, किंवा विमा न वापरता स्वतः पैसे भरणाऱ्या, कोणाही माणसाने खर्च विचारला तर दवाखान्याने त्याला लेखी अंदाजपत्रक दिले पाहिजे; नुसती विचारणा केली तरी तीन कामकाजाच्या दिवसांत. पाहुण्यालाही हा हक्क आहे. दवाखाने ते आपण होऊन पुढे करतातच असे नाही, तेव्हा ‘गुड फेथ एस्टिमेट’ याच शब्दांनी मागावे; तोंडी सांगितलेला आकडा हिशेबात धरत नाहीत. तपासणीनंतरची बिले अमेरिकेत हातोहात मिळत नाहीत. प्रयोगशाळेचे निराळे, डॉक्टरचे निराळे, इमारतीचे म्हणून आणखी एक निराळे, अशी ती महिना-दोन महिन्यांनी मुलाच्या पत्त्यावर टपालाने येतात, आणि तोवर आईवडील पुण्यात आपल्या गॅलरीत चहा घेत असतात. अंदाजपत्रक देणाऱ्या दवाखान्याचे बिल त्यातील आकड्याहून ४०० डॉलर किंवा त्याहून अधिक निघाले, तर बिलाच्या तारखेपासून १२० दिवसांच्या आत संघराज्य सरकारच्या आरोग्य खात्याकडे तक्रार गुदरता येते. तिची फी २५ डॉलर, आणि निकाल आपल्या बाजूने लागल्यास ती बिलातून वजा होते.